ऐरण आणि हुंकार

"म्हणजे गोष्टी सांगून धरणाचं पाणी थांबणार आहे का, बाबा?"

जयसिंगचा आवाज चढला होता. चिंचेखाली चिलीम साफ करत बसलेल्या लतीफबाबा फकिरांनी मान हलवली. नाही थांबणार.

"मग आज गोष्ट कशाला? आज जाब विचारायचा दिवस आहे!"

"विचार की."

"विचारला! साहेब जीपमध्ये बसून निघून गेला."

खरंच होतं. जाण्याआधी धरणाच्या साहेबांनी 'त्याग' या विषयावर पाऊण तास भाषण केलं होतं. साहेबांचं घर शहरात होतं. धरणाचं पाणीही तिकडंच जाणार होतं.

धरणाची दारं बंद झाली होती. दुपारपर्यंत पाणी खालच्या आळीत येणार होतं. पुनर्वसनाच्या अर्जात घर, गुरं, झाडं यांना रकाने होते, लोहाराच्या भट्टीला नव्हता. म्हणून गेनबा लोहार भट्टीपुढं, ऐरणीला पाय लावून बसून राहिला होता. शेवटचा ट्रक हॉर्नवर हॉर्न देत होता.

जयसिंग याच गावचा, एम.ए. झालेला. दोन वर्षं बाबांकडं गोष्ट सांगायला शिकत होता. त्याचंही घर खालच्या आळीत होतं. सकाळपासून त्यानं तिकडं पाहिलंही नव्हतं.

"तासभर समजावलं गेनबातात्याला. बदल हा जगाचा नियम आहे म्हटलं. महापुरात सगळं गमावलेल्या राजाची गोष्टही सांगितली. वर तात्पर्यही सांगितलं!"

"मग?"

"म्हणाला, राजाला भट्टी होती का?"

बाबा खदखदून हसले. उठले, आणि गेनबासमोर जाऊन उकिडवे बसले.

"गेनबा, ही ऐरण कुणाची रं?"

"माझ्या पणज्याची."

"हूं."

त्या भागात गोष्ट सांगणाऱ्याला ऐकणारा हुंकार देतो. हुंकार थांबला की गोष्ट थांबते.

गेनबानं ऐरणीवरून हात फिरवला.

"दुष्काळात घाटाखालनं आला त्यो. पोटाला अन्न न्हाई. बायको पोटुशी."

"हूं."

"लोकं म्हनली, लोखंड टाक, जीव वाचव. त्यो म्हनला…"

बाबा उभे राहिले होते. चार पावलं मागं सरले. "हूं."

"म्हनला, जमीन असंल तिथं नांगर असंल. नांगर असंल तिथं फाळ बोथटंल! मग ऐरण टाकून कसं चालंल?"

"हूं." आणखी चार पावलं.

"बाबा, हितं या की! हुंकार ऐकू येत न्हाई."

"मला येतंय ऐकू. पण उपाशी माणूस, आणि एवढं धूड उचललं म्हणतोस? थापा मारतोस गेनबा."

"थापा?" गेनबा ताडकन उठला. "माझा पणजा थापाड्या?"

त्यानं डोक्याचं मुंडासं सोडलं. चुंबळ करून खांद्यावर ठेवली. लाकडी ठोकळ्यातून ऐरण उपसली, गुडघा टेकला आणि उभा राहिला. मानेच्या शिरा तटतटल्या.

"अशी! अशी उचलली!"

"हूं!" बाबा ट्रककडं उलटे चालत होते, गेनबा त्यांच्या मागोमाग.

"पैल्या खिंडीत पाय घसरला!"

"हूं!" या वेळी ट्रकमधून चार-दोन आवाज आले.

"बायको म्हनली, टेका जरा. त्यो न्हाई टेकला!"

"हूं!!" सगळा ट्रक गरजला. ड्रायव्हर हॉर्न विसरला. बायका वाकून बघू लागल्या, म्हातारे उभे राहिले, कुणीतरी शिट्टी मारली.

ऐरण ट्रकच्या मागं उघडलेल्या फाळक्यावर आदळली. ट्रक हादरला.

गेनबानं धापा टाकत मागं पाहिलं. भट्टी तिकडं होती. तो इकडं.



गेनबानं तोंड पुसलं. ट्रकवर चढला. ऐरणीला पाय लावून बसला.

"तर… खिंड उतरल्यावर," तो म्हणाला.

"हूं," ट्रक म्हणाला.

बाबाही फाळक्यावर टेकले. जयसिंग खालूनच भडकला.

"फसवून चढवलंत त्याला, बाबा! आणि तुम्ही स्वतः तर एक गोष्टही सांगितली नाहीत!"

"गप ए एम.ए.!" वरून गेनबा ओरडला. "गोष्ट चाललीया."

ट्रकभर हशा उसळला. जयसिंग चिडून वळला, आणि समोर खालची आळी दिसली. पाणी शिरलं होतं. त्याच्या ओट्याच्या पहिल्या पायरीला लागलं होतं.

आता त्याला नजर हटवता येईना.

"त्या पायरीवर…" तो म्हणाला.

बाबांनी सरकून फाळक्यावर जागा केली.

"हूं… मग?"