महाराजांनी बांगडी भरून घेतली

निंबळखेडला नदीकाठी मारुतीचं देऊळ आहे. एका चातुर्मासात सखोबा महाराज तिथे मुक्कामाला होते. अंगावर घोंगडी, काखेत झोळी, आणि बोलणं असं रोखठोक की गोड गोड ऐकायला आलेले दुसऱ्या दिवशी फिरकत नसत. म्हणूनच की काय, ज्यांना गावात कुठे बसायला जागा नव्हती ती माणसं देवळाच्या पायरीवर येऊन बसत.

त्यांतलीच एक भिवराबाई कासारीण.

बांगड्या भरणं हे काय काम आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी भरून घेतलेल्या नसतात. काच ताणत नाही, हातालाच लहान व्हावं लागतं. भिवराबाई समोरचीचा पंजा हातात घ्यायची, अंगठ्याचं बूड आत दाबायची, हाडं अशी एकमेकांच्या कुशीत सरकवायची की दळून-कांडून राठ झालेला हातही कळीसारखा मिटे. तोंडाने माहेरची चौकशी चालू, आणि तेवढ्यात बांगडी मनगटात. डोळ्यांत पाणी नाही, रक्ताचा थेंब नाही.

मग तिचा नवरा तापाने गेला. तेरावं झालं आणि दिराने बांगड्यांची पेटी उचलून आपल्या घरी नेली. विधवेच्या हातून सवाशिणींनी चुडा कसा भरायचा? हात तेच, कसब तेच. पण नवरा मेल्याचा दोष त्या हातांना लागला. तापाला कोणी बोल लावला नाही.

पाटलांच्या सुनेचं, मंजुळाचं, डोहाळजेवण होतं. मंजुळा नवरी होऊन आली तेव्हापासून तिला बांगड्या भिवराबाईनेच भरल्या होत्या. जुन्या सवयीने भिवराबाई तिकडे गेली. मंजुळाची सासू गजराबाई पाटलीण उंबऱ्यातच आडव्या आल्या.

"लाज कशी वाटत नाही गं? स्वतःचा चुडा टिकवता आला नाही, अन् माझ्या सुनेचा भरायला आलीस?"

आतल्या बाया हसल्या. हसणाऱ्या प्रत्येकीच्या मनगटात भिवराबाईनेच भरलेल्या बांगड्या होत्या. मग भिवराबाईच्या दिराने मंजुळाला हिरवा चुडा भरला. बांगड्या हातातच पिचल्या, पोरीचं मनगट रक्ताने माखलं. त्याला मात्र कोणी अपशकुन म्हणालं नाही.

भिवराबाई तशीच देवळात आली. "महाराज, नाम द्या. हाताला काम राहिलं नाही. माळ ओढीत बसते."

महाराजांच्या कपाळाची शीर ताठ झाली. "माळ ओढायला देवाकडं रिकामटेकडे पुष्कळ आहेत. तुला हे हात मणी मोजायला दिलेत होय?"

"मग कशाला दिलेत? धरू कोण देतंय मला?" तीही चिडली.

महाराजांनी आपला उजवा हात पुढे केला. "मी देतो. आण बांगडी. भर."

पायरीवरची माणसं चपापली. पुरुषाला बांगड्या भर म्हणणं ही आपल्याकडे शिवी. जणू बांगड्या घालणाऱ्या हातांनी जगात कधी काही केलंच नाही! भिवराबाईच्या घरी कोनाड्यात एकच बांगडी उरली होती, ती तिने आणली. महाराजांचा पंजा फावड्यासारखा. तिने तो मांडीवर घेतला, दाबला, मिटवला, आणि बांगडी सरकन आत गेली.

"दुखलं नाही," महाराज म्हणाले. "दुसऱ्याला न दुखवता अरुंदातून वाट काढायची, ही विद्या आहे, भिवरा. ती शोकात पुरून टाकू नकोस. गावात सांधे धरलेल्या म्हाताऱ्या आहेत, जात्यानं हात मोडलेल्या पोरी आहेत. त्यांचे हात धर. हीच तुझी पूजा."

ती धरू लागली. चोळून, दाबून, बोटं मोकळी करून देऊ लागली. गरीब बाया येत. मोठ्या घरच्या येत नसत. गजराबाई तर पाणवठ्यावर सांगत सुटल्या, "बुवांनी बांगडी भरली म्हणे. आता लुगडं कधी नेसणार?"

पुढे एका दुपारी ठकूबाई सुईण धापा टाकीत भिवराबाईच्या दारात आली.

"चल. मंजुळाचं मूल आडवं आलंय. आत हात घालून फिरवावं लागंल. माझी बोटं सुजून अशी जाड झाल्यात, जाईनात. पोरगी तुझं नाव घेतीय."

"त्या उंबऱ्यावरनं मला हाकललंय, मावशी. अन् मी कधी बाळंतपण केलं नाही."

"मी सांगते तसं कर. हात लहान करायला मी नाही शिकवू शकत. ते तुला येतं."

भिवराबाई निघाली. पाटलांच्या ओट्यावर महाराज भिक्षेला येऊन उभे होते, आणि दारात गजराबाई. आतून मंजुळाचं कण्हणं ऐकू येत होतं.

"हिला आत घ्यायची नाही," गजराबाई म्हणाल्या. "पांढऱ्या कपाळाचा हात माझ्या घरच्या लेकराला लागायचा नाही. मग काय व्हायचं ते होवो."

हे त्या बोलल्या. देवाचं नाव रोज घेणाऱ्या तोंडाने बोलल्या. गोड करून सांगण्यात अर्थ नाही.

महाराजांनी झोळी झटकून रिकामी केली. "या घरचा दाणा मला नको. पाटलीणबाई, तुम्ही जन्मलात तेव्हा सुईणीचं कपाळ बघून मग बाहेर आलात का? सोवळं पाळायला सून जिवंत तर राहू द्या. व्हा बाजूला."

आवाज चढलेला नव्हता. पण गजराबाईंचा चौकटीवरचा हात खाली आला. भिवराबाई आत गेली.

ठकूबाईने तिच्या हातांना कोपरापर्यंत तेल लावलं. "बोटं जुळव. सावकाश. पाय लागला की सांग."

जन्मभर दुसऱ्यांचे हात मिटवले. आता स्वतःचा मिटवायचा होता, आणि तो थरथर कापत होता. पंजा जुळेना. मंजुळाचे डोळे फिरू लागले. भिवराबाईने मनात एवढंच म्हटलं, महाराज, तुम्ही धरा.

आणि कोणीतरी धरला. ठकूबाई तर पायांशी होती. पण भिवराबाईला आपल्या पंज्याभोवती दुसरा पंजा स्पष्ट जाणवला, मोठा, राठ, ऊन. त्याने तिच्या अंगठ्याचं बूड आत दाबलं, हाडं एकमेकांत सरकवली, अगदी ती स्वतः करायची तशीच. थरथर थांबली. हात वाट काढत गेला.

"पाय लागला," ती म्हणाली.

"धर. हळू ओढ."

थोड्या वेळाने घरात तान्ह्या लेकीचं रडणं उठलं. मंजुळाने डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

गजराबाई ओट्यावरून आत आल्या त्या भिंत धरधरून. "मी बघितलं," त्या पुटपुटल्या. "बुवा डोळे मिटून बसले होते. त्यांचा उजवा हात आपोआप मिटला. बांगडी भरताना मिटतो तसा. घामानं निथळत होते. लेकरू रडलं तेव्हा बोटं उघडली."

महाराज मागून दारात येऊन उभे राहिले. गजराबाई वळून त्यांच्या पायांवर पडू लागल्या, तसे महाराज मागे सरले.

"मला काय म्हणालात त्याचं काही नाही," ते म्हणाले. "वाकायची जागा तिकडं आहे. अन् भिवरा, ठकूबाईची बोटं आता थकली. तिच्याकडून ही विद्या सगळी शिकून घे. पंचक्रोशीत वाट बघणारी पुष्कळ लेकरं आहेत."

गजराबाई फिरल्या. गावाने वाकताना कधी न पाहिलेली ती बाई भिवराबाईच्या पायांवर डोकं टेकून रडू लागली.

अशा वेळी लगेच खांद्याला धरून उठवायची रीत आहे. भिवराबाईने उठवलं नाही.

"माझे हात भरलेत, पाटलीणबाई," ती म्हणाली. "तुमचं तुम्हीच उठा."

गजराबाई उठल्या. कोणाला हाक न मारता चुलीपाशी गेल्या, ऊन पाण्याचा तांब्या भरून आणला, आणि भिवराबाईच्या हातांवर हळूहळू धार धरली.