आठ दिवस आधी कळवून

पांढऱ्या दगडाच्या डोंगरांचे एक राज्य होते. तिथला दगड दूरदूरच्या देशांत जाई. पण तो फोडताना उडणारी बारीक धूळ खाणीतल्या माणसांच्या छातीत जाऊन बसे. चाळिशी गाठायच्या आत माणसे खोकून खोकून मरत.

एकदा आसपासच्या सात देशांच्या राजांनी मिळून करार केला. दगडावर पाणी मारल्याशिवाय घाव घालायचा नाही. प्रत्येकाला नाकातोंडावर बांधायला फडके द्यायचे. खोकला लागलेल्याला धुळीतून काढून दुसरे काम द्यायचे. या राज्याच्या राजा भद्रसेनानेही करारावर आनंदाने राजमुद्रा उमटवली आणि घरी येऊन तसाच कायदा केला. देशोदेशी त्याची वाहवा झाली.

खाणमालक मात्र धास्तावले. ते राजाला म्हणाले, "महाराज, तपासनीस अचानक आला की कामाचा खोळंबा होतो. आठ दिवस आधी कळवून यावे, एवढीच विनंती." राजाला त्यात काही वावगे दिसले नाही. त्याने तसा हुकूम काढला.

तपासनीस होते यमाजीपंत. सरळ माणूस, कुणाच्या घरचा चहासुद्धा न घेणारा. ते रीतसर कळवून रंगोशेटच्या खाणीत गेले. दगड ओले होते. सगळ्यांच्या तोंडावर स्वच्छ फडकी होती. पंत समाधानाने परत निघाले, तोच दगड फोडणारी दुर्गव्वा त्यांच्या मागे धावत आली.

"पंत, उद्या पुन्हा या."

"का बाई?"

"आज तुम्ही येणार म्हणून पाणी आलं. संध्याकाळी शेट ही फडकी काढून घेतो नि पेटीत ठेवतो. माझ्या नवऱ्याच्या, यल्लप्पाच्या खोकल्यातून रक्त पडतंय, तरी त्याच्या हातात घणच आहे. उद्या न सांगता या. तुमच्या डोळ्यांनी बघा."

पंतांनी तिच्या गळ्यातल्या फडक्याकडे पाहिले. त्याच्या घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या. बाई खरे बोलते, हे त्यांना कळले. पण न कळवता जाणे म्हणजे हुकूम मोडणे. तेवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही हुकूम मोडला नव्हता.

"मला तसं येता येत नाही, बाई. पुढच्या तपासणीला बघू," ते म्हणाले.

अहवालात त्यांनी लिहिले, 'कायदा पाळला जात आहे.' आपण पाहिले तेच लिहिले, अशी मनाची समजूत घातली. पण ती समजूत काही टिकेना. जेवता जेवता त्यांचा घास हातात राही. अखेर चार महिन्यांनी ते कुणालाच न सांगता खाणीवर गेले.

धुळीत समोरचा माणूस दिसत नव्हता. तोंडावर फडके एकाच्याही नव्हते. एका कडेला दुर्गव्वा दगड फोडत होती.

"यल्लप्पा कुठे आहे?" पंतांनी विचारले.

"गेला. दीड महिना झाला." तिने हातोडा खाली ठेवला. "शेवटी शेवटी रोज विचारायचा, पंत आले का गं? मी म्हणायची, येतील."

पंत तिथूनच मागे वळले. ते तडक दरबारात गेले.

"महाराज, मला दाखवले ते मी लिहिले. मला कळले ते लिहिले नाही. एक माणूस माझी वाट बघत मेला."

"पण करार तर आपण पाळतो ना?" राजाने चकित होऊन विचारले.

"उद्या माझ्याबरोबर चला, महाराज. कुणाला कळवू नका."

राजा गेला. घटकाभरही त्याला तिथे उभे राहवले नाही. त्याच दिवशी त्याने आपला हुकूम मागे घेतला, रंगोशेटकडून खाण काढून घेतली आणि तपासनिसांची संख्या वाढवली. त्या दिवसापासून दगडावर रोज पाणी पडू लागले.

पण छातीत आधीच बसलेली धूळ पाण्याने निघत नाही. पुढच्या दोन वर्षांत त्या खाणीतली एकोणीस माणसे गेली. त्यांत दुर्गव्वाही होती. पंत तिच्या मातीला गेले. तिच्या माणसांनी त्यांना बोल लावला नाही, की बसाही म्हटले नाही. पंतांनी मूठभर माती टाकली आणि सगळे निघून जाईपर्यंत एका बाजूला उभे राहिले.

तात्पर्य: चांगला कायदा नुसता केल्याने कुणाचा जीव वाचत नाही, तो पाळला जातो की नाही, हे वेळेवर आणि न कळवता पाहावे लागते. खरे कळूनही जो थांबतो, त्याच्या उशिराची शिक्षा दुसऱ्यालाच भोगावी लागते.