एका देठाची तीन पाने

माणसांच्या शाळा निघायच्या कितीतरी आधी रानात पिल्लांची एक शाळा होती. तिचे छप्पर वर्षभरातच गळू लागले आणि पाढे म्हणता म्हणता पिल्ले शिंकू लागली. नवे छप्पर कोणाकडून घ्यायचे, हे ठरवायला समिती बसली. नियम असा होता की तिघांनी आपापला दर पानावर लिहून द्यायचा आणि ज्याचा दर कमी, त्याला काम.

तीन पाने आली. मुंगसाने वीस टोपल्या बोरे मागितली होती, उदमांजराने तीस आणि साळिंदराने चाळीस.

"तीन पाने आली, नियम पाळला गेला," अध्यक्ष गवा म्हणाला. "काम मुंगसाला. गेल्या वर्षीही त्यालाच दिले होते."

खारूताई समितीवर नवीनच होती. तिने पाने उलटसुलट करून पाहिली, हुंगली आणि जमिनीवर शेजारी शेजारी मांडली. मधले मोठे, बाजूची दोन जरा लहान. तुटलेल्या कडा एकाच देठावर बरोबर जुळल्या.

"मुंगूसभाऊ, ही तिन्ही एकत्रच कशी हो वाढली?" तिने निकाल ऐकायला आलेल्या मुंगसाला विचारले.

मुंगूसभाऊ हसले. "अगं, पळसाला पाने तीनच! त्यात नवल ते काय?"

"पानांचे नवल नाही हो. तुम्ही तिघे राहता रानाच्या तीन टोकांना. मग देठ एकच कसा?"

गव्याने घसा खाकरला. "गेल्या वर्षीची पाने काढा बघू."

सगळ्यांनी दप्तर सांभाळणाऱ्या शेळीकडे पाहिले. ती शांतपणे रवंथ करत होती.