नदीकडे तोंड करून बसलेला केरबा

सिरवती नदीवर पूल होईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षं झाली तिला. नदीच्या अलीकडे तरवडी गाव, पलीकडे मळे आणि बाजाराचा रस्ता, आणि मधे केरबा भोयाची नाव. लहानपणी गोवराच्या तापात केरबाचे कान गेले ते गेलेच. मागोमाग बोलणंही आटलं. पण बापानं त्याच्या हातात वल्हं दिलं, आणि वल्ह्याला काही कान लागत नाहीत.

त्या काळी नावाड्याला हाक मारायची रीत होती. पलीकडच्या काठावर उभं राहायचं आणि बेंबीच्या देठापासून ओरडायचं. केरबानं तिथल्या बाभळीला एक लांब काठी टेकवून ठेवली होती, टोकाला पांढरं फडकं बांधून. काठी हलवली की तो निघायचा. तरवडीच्या माणसांना हे ठाऊक होतं. परगावचे मात्र फडक्याखाली उभे राहून ओरडायचे आणि उशिरानं नाव आली की शिव्या देत चढायचे. मग केरबा कानाकडे बोट दाखवायचा, मान हलवायचा, फडक्याकडे बोट करायचा. कळलं की माणसं काय करायची? आणखी मोठ्यानं ओरडायची. नाहीतर त्याच्या बायकोला विचारायची, "ह्याला काय कळतं का गं?"

"त्येलाच इचारा की," सरूबाई म्हणायची. पण त्याला कुणी विचारत नसे.

वल्हं मारून केरबा कधी थकला नाही, असं म्हणतात. तो थकला रोज नव्या माणसाला तेच ते समजावून. सकाळी एकाला सांगावं, दुपारी दुसऱ्याला, आणि उद्या पुन्हा पहिल्यापासून. मागच्या जन्मीचं पाप आहे हे, असं लोक त्याच्यासमोर खुशाल बोलायचे. ऐकू येत नाही म्हणजे दिसतही नाही, अशी त्यांची समजूत असावी. बहिऱ्याच्या हाती माणसं कशी सोपवायची, असा विषय गावकीत दोनदा निघाला. दुसरा कुणी नाव चालवायला तयार नव्हता, म्हणून तो विषय तसाच राहिला.

मग एका श्रावणात सिरवती अशी फुगली की पाण्याच्या घोंगाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. बाजाराहून परतणारी माणसं पलीकडे अडकली होती. काठावर सगळं गाव कान टवकारून उभं होतं, आणि हाक काही येत नव्हती. केरबाला फडकं दिसलं. त्यानं नाव सोडली आणि सगळ्यांना आणलं. नाव पाण्याला टेकलीच नाही, वरच्या वर आली, असं म्हणतात. टेकली असणार. सरूबाई पुढं कितीतरी दिवस त्याच्या दंडांना तेल चोळत होती.

झालं. केरबाचा देव झाला. बाया कान दुखणारी पोरं घेऊन यायला लागल्या. तो नको नको म्हणून हात हलवायचा, तर त्यालाच त्या आशीर्वाद समजायच्या. पूर्वी त्याचं तोंड चुकवणारे व्यापारी आता मुद्दाम त्याचं तोंड बघून बाजाराला निघायचे. केरबाला पहिली तऱ्हा बरी वाटायला लागली. निदान तेव्हा पायाशी नारळ तरी फुटत नव्हते.

शेवटी गावकी बसली. सुबराव पाटील म्हणाले, "देवानं वल्हं मारायचं हे काय बरं दिसत न्हाई. चावडीम्होरं पार बांधू. केरबा तिथं बसंल. नाव बघंल दुसरं कोन तरी."

हा निरोप त्यांनी सरूबाईला दिला. तिनं हातांच्या खुणांनी तो नवऱ्याला सांगितला, आणि सांगता सांगता तिलाच रडू आलं. आधी पापी म्हणून वल्हं काढून घ्यायचं होतं, आता देव म्हणून. केरबाचं या जगात आपलं म्हणावं असं ते एक वल्हंच होतं. तो उठला, घाटाच्या शेवटच्या पायरीवर जाऊन बसला, पाय पाण्यात, वल्हं मांडीवर आडवं, आणि गावाकडे पाठ.

त्या दिवसांत पलीकडच्या मळ्यात पाटलांची दिवस भरलेली लेक बाळंतपणात अडली. बाभळीजवळचं फडकं कुणीतरी जोरजोरात हलवत होतं. केरबाला ते दिसत होतं, पण नाव आता त्याची राहिली नव्हती. वल्हं केरबाच्या मांडीवर, म्हणून गुऱ्हाळातली गूळ आटवायची काहिल पाण्यात लोटून चार गडी निघाले, ते गरगर फिरून याच काठाला लागले. मग गाव घाटावर जमलं आणि हाका मारायला लागलं. "केरबा! आरं केरबा!" हलगी वाजवली, ताशा वाजवला. बहिऱ्या माणसाच्या पाठीमागं उभं राहून अख्खं गाव ओरडत होतं. पुढं जावं असं कुणाला सुचलं नाही, कारण पुढं पाणी होतं आणि धोतरं भिजली असती. ओरडून ओरडून सगळ्यांचे आवाज बसले. गावात शब्द म्हणून उरला नाही, असं म्हणतात. पाटलांच्या तोंडातून नुसतीच हवा निघत होती.

तेव्हा चंद्राआक्का सुईण पायऱ्या उतरली. केरबाच्या जन्माच्या वेळी तीच होती. लुगडं सावरत ती पाण्यात शिरली, कमरेइतक्या पाण्यातून वळसा घेऊन त्याच्या समोर उभी राहिली. त्यानं वर बघेपर्यंत थांबली. मग हातांनी पोटाचा आकार केला, पलीकडे बोट दाखवलं, आणि तळहात पुढे करून विचारलं, नेतोस का? विचारून पुन्हा थांबली.

केरबा तिच्याकडे बघत राहिला. इतकी वर्षं त्याला एवढंच तर हवं होतं. त्याचे डोळे भरून आले, आणि तो उठला.

नदीनं दुभंगून वाट दिली, असं म्हणतात. म्हणोत बापडे. नाव केरबानं वल्हवली आणि संध्याकाळच्या आत मळ्यात मुलगी झाली. मायलेकी सुखरूप होत्या.

दुसऱ्या दिवशी सुबराव पाटील धोतरासकट पाण्यात उतरले आणि केरबासमोर हात जोडून उभे राहिले. केरबानं त्यांचे जोडलेले हात सोडवले. पाटील गोंधळले. मग त्या मोकळ्या हातांनी त्यांनी कसंबसं वल्हं मारल्यासारखं केलं, आणि मारशील का, अशा नजरेनं बघत उभे राहिले. केरबानं मान डोलावली. म्हातारा होऊन थकेपर्यंत नाव त्याच्याकडेच होती, आणि तो थकला तो मात्र वल्हं मारूनच.

आता पूल आहे. घाटाच्या शेवटच्या पायरीवर केरबाचा दगड आहे, नदीकडे तोंड, गावाकडे पाठ. तिथं घंटा नाही आणि नवस बोलायचा नाही. मागं एकदा लोकांची सोय म्हणून कुणी तो दगड गावाकडे वळवला. सकाळी तो पुन्हा नदीकडे वळलेला होता. आपोआप फिरला, असं म्हणतात. भोयांची पोरं हसतात, पण बोलत नाहीत.

फूल वाहायचं तर अजूनही पाण्यात उतरावं लागतं. आणि तरवडीत कुणी कुणाला पाठीमागून हाक मारत नाही. म्हातारं असो, आंधळं-पांगळं असो, नाहीतर धडधाकट असो, माणसं वळसा घालून पुढ्यात येतात, काय हवं ते विचारतात, आणि उत्तर येईपर्यंत थांबतात.