बायजाचे बस्कर

सांबरखोऱ्यातल्या मुलींच्या शाळेत, फळ्यासमोरच्या पहिल्या रांगेत एक बस्कर राखून ठेवलेले असते. सकाळी बाई हजेरी घेतात ती आधी अशा एका मुलीची, जी वर्गात नाही. बाईंनी "बायजा" असे नाव घेतले की साऱ्या मुली एका सुरात म्हणतात, "तिला सुट्टी." नवखा माणूस चमकतो. मग शाळेच्या जुन्या शिपाईण कोंडाबाई त्याला ओट्यावर बसवतात, आधी पाणी देतात आणि हकीकत सांगतात. पाणी आधी का, ते पुढे कळते.

सव्वाशे वर्षे झाली असतील, म्हणे. यमुताई नावाच्या विधवा बाई शहरातून खोऱ्यात आल्या, मुलींना शिकवीन म्हणून. गाव हसले. पाटलाने मात्र चावडीमागची खोली दिली आणि खुंटा हलवून बळकट करावा तशी अट घातली. तीस मुली, वर्षभर, रोज. एक जरी एक दिवस चुकली तरी खोलीची किल्ली परत. यमुताईंनी काळजाईच्या देवळात जाऊन नवस बोलला: वर्ष पुरे होईतो अळणी जेवीन, पण एकही गैरहजेरी पडू देणार नाही.

आणि पडू दिली नाही. पाटील रोज सकाळी ओट्यावर बसून हजेरी ऐके, आणि रोज तीस वेळा "हजर" येई. पण त्या तिसांतल्या निम्म्या उपाशीपोटी येत. कुणी पहाटेपासून दळण दळून येई, कुणी धाकट्या भावाला कडेवर घेऊन. पाढे म्हणता म्हणता डोळे मिटत, की यमुताईंची छडी बसे. मुलींना येत काहीच नव्हते, नुसते तोंड चाले. आधी पोटोबा मग विठोबा हे शहाणपण बाईंना ठाऊक नव्हते असे नाही. त्यांना फक्त ती खोली दिसत होती. खोली गेली तर या खोऱ्यात पुन्हा कुणी पोरीच्या हाती पाटी देणार नाही, हे त्या मनाशी घोकत राहत, आणि ते खोटेही नव्हते.

पहिल्या रांगेत बायजा बसे. नऊ वर्षांची, वरच्या धनगरवाड्यातली. तीसजणींत तिला खरीखुरी अक्षरांची ओढ होती, आणि यमुताईंचा जीव होता तो तिच्यावरच. वर्ष पुरे व्हायला अकरा दिवस उरले असताना तिची आई ठकुबाई सकाळीच धावत उतरून आली.

"बाई, पोर फणफणलीया. आज ऱ्हाऊ द्या."

यमुताई म्हणाल्या, "ठकुबाई, अकराच दिवस राहिलेत. तिला काही शिकवत नाही. नुसती येऊन बसू दे. हजर म्हटलं की झालं."

शिकलेल्या बाईचा शब्द. ठकुबाईने लेकीला पाठुंगळी घेऊन आणले आणि बस्करावर बसवले. बायजा "हजर" म्हणाली. पाटील उठून गेला. दुपारी घंटा झाली, एकोणतीस मुली उठल्या. बायजा बाजूच्या भिंतीला टेकून तशीच बसली होती, मांडीवर पाटी घेऊन. तिला हलवणारा पहिला हात यमुताईंचाच होता.

दुसऱ्या दिवशीही शाळा भरली. न भरवावी तर अट मोडत होती, आणि मेलेल्या पोरीची गैरहजेरी पाटील धरणार नाही एवढीच आशा होती. माणसाचा हट्ट मढ्यापुढेही लवकर वाकत नाही. पाटील ओट्यावर येऊन बसला. यमुताई नावे वाचू लागल्या, आणि सवयीने बायजाचेही नाव तोंडातून गेले.

असे सांगतात, की रिकाम्या बस्करावरून आवाज आला. "हजर."

साऱ्यांनी ऐकला. पाटलाला दरदरून घाम फुटला. तो कसाबसा म्हणाला, "भरली म्हणायची हजेरी." नवस राहत होता, खोली राहत होती. यमुताईंनी नुसते पुढचे नाव घ्यायचे होते.

त्या उठल्या आणि बस्करापुढे गुडघे टेकून बसल्या. म्हणाल्या, "पोरी, मेल्यावर तरी माझ्यासाठी येऊ नकोस. जा. तुला सुट्टी."

मग त्यांनी स्वतःच्या हाताने "गैरहजर" लिहिले आणि किल्ली पाटलापुढे ठेवली. पाटलाने ती उचलली. अट ती अट.

शाळा दोन वर्षे बंद होती. यमुताई गावातच राहिल्या, कुणाशी बोलत नसत. नवस मोडला तरी मीठ त्यांनी पुन्हा तोंडात घातले नाही, म्हणे. एके सकाळी ठकुबाई त्यांच्या दारात उभी राहिली, धाकट्या लेकीचा हात धरून.

"हिला शिकवा," ती म्हणाली. "पण हजर म्हनाया लावू नका. आदी बरी हाय का, जेवली का, त्ये इचारा."

देवळाच्या पडवीत त्या एका मुलीवर शाळा पुन्हा सुरू झाली, आणि या वेळी मुली खरोखर वाचायला शिकल्या. खोली कधीतरी नंतर मिळाली.

आजही या शाळेत कुणी "हजर" म्हणत नाही. बाई एकेकीच्या कपाळाला हात लावतात आणि विचारतात. जिला ताप असेल, जी उपाशी असेल, रात्रभर रडून आली असेल, ती उठून पहिल्या रांगेतल्या त्या बस्करावर जाऊन आडवी होते. पाहुण्यांना बहुधा तिथे कुणीतरी झोपलेली दिसते. कोंडाबाई ओठांवर बोट ठेवतात आणि त्यांना पाय न वाजवता बाहेर नेतात.