समोरच्याचा पाट

“...म्हणजे आजार हा पूर्वकर्माचा भोग असेल, तर मी औषध द्यायचं तरी कशाला?”

विचारणारे होते रंगनाथ वैद्य, प्रवरेपलीकडच्या गावचे. मांडीवर मात्रांचा बटवा, शेजारी सहाण. उत्तर मिळालं तर दोन्ही घरी न्यायची, नाही मिळालं तर जाता जाता डोहात सोडायची, असं ठरवूनच ते मठाची पायरी चढले होते. आल्या आल्या त्यांनी तसं सांगूनही टाकलं होतं.

उत्तर द्यायला बसला होता विश्वंभर, दाजीशास्त्र्यांचा पट्टशिष्य. बुद्धी तल्लख, वाणी खणखणीत, आणि या दोन्ही गोष्टी सगळ्यांत आधी त्याच्याच लक्षात आलेल्या. प्रश्न ऐकताच त्याचा चेहरा खुलला. याचं उत्तर त्याला तोंडपाठ होतं.

पण मठाची एक रीत होती. वादाला दोन पाट समोरासमोर मांडायचे. खंडन करण्याआधी समोरच्याच्या पाटावर जाऊन बसायचं आणि त्याचं म्हणणं त्याच्या जागेवरून मांडायचं. तो “हो, हेच” म्हणाला, तरच आपल्या पाटावर परतायचं. तोवर खंडनाचा शब्द काढायचा नाही.

विश्वंभरला ही रीत जेवणाआधीच्या चित्राहुतीसारखी वाटे. उरकायची आणि घास घ्यायचा.

वैद्य बाजूला झाले. विश्वंभर त्यांच्या पाटावर टेकला न टेकला तोच म्हणाला, “कर्म बलवान, तर औषध व्यर्थ. औषध बलवान, तर कर्म व्यर्थ. दोन्ही एकदम खरं कसं? असंच ना?”

“हो... असंच काहीसं.”

विश्वंभरने त्यातला ‘हो’ तेवढा उचलला आणि आपल्या पाटावर परतला.

“अहो वैद्यराज, रोग होणं हे रोग्याचं कर्म, तसं तुमच्या दारी येणं हेही त्याचंच कर्म. तुमच्या मात्रेने तो बरा झाला, तर तेही कर्मफळच. औषध कर्माच्या बाहेरचं मानलंत, तिथेच तुम्ही फसलात.”

“मग औषध दिलंच नाही, तर... तेही त्याचं कर्म?”

“अर्थात! दिलंत तरी कर्म, न दिलंत तरी कर्म. सिद्धान्ताला कुठूनच तडा जात नाही.”

भिंतीशी बसलेल्या शिष्यांतून “वाहवा!” उठली. विश्वंभरने नम्रपणे मान खाली घातली. नम्र दिसणंही त्याला छान जमत असे.

“निरुत्तर झालो,” वैद्य म्हणाले. त्यांनी बटवा काखेत धरला, सहाण उचलली आणि दाराकडे वळले. डोह त्याच वाटेवर होता.

“वैद्यराज, जरा थांबा. माझी पाळी राहिली.”

हे दाजीशास्त्री होते. इतका वेळ ते खांबाला टेकून सुपारी कातरत बसले होते. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि गुडघ्यावर हात देत उठले.

विश्वंभर सावरून बसला. वादात दाजींना कुणी हरवल्याचं ऐकिवात नव्हतं. गुरूंचा त्याला फार अभिमान होता... जवळजवळ स्वतःइतकाच.

दाजी वैद्यांच्या पाटावर बसले. वैद्यांना त्यांनी शेजारीच जमिनीवर बसवलं.

मग त्यांची नजर सहाणेवर गेली.

“तुमचं म्हणणं मांडायचं म्हणतो,” ते म्हणाले, “पण मला ते नीट कळलेलं नाही. गेलं कोण?”

विश्वंभर चमकला. कुणी गेल्याचं वैद्यांनी अवाक्षरही काढलं नव्हतं.

वैद्यांचा हात सहाणेवर थबकला. “गोदू कोष्टिणीचं पोर,” ते म्हणाले. “तुम्हाला कसं...”

“वैद्य सहज म्हणून सहाण बुडवायला निघत नाही. औषध दिलंत त्याला?”

“दिलं. सकाळी दिलं.”

“आणि ती आली कधी होती?”

“...तिन्हीसांजेला.”

दाजी थोडे पुढे झुकले.

“पौषातली थंडी,” वैद्य खाली बघत म्हणाले. “मी नुकता घोंगडीत शिरलो होतो. उठवेना. आतूनच म्हणालो, बाई, भोग आहे, सरेल. सकाळी येतो.”

विश्वंभरच्या कानांत त्याचंच वाक्य घुमलं. दिलंत तरी कर्म, न दिलंत तरी कर्म. मघाशी ते किती गोड वाटलं होतं! आता मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दाजींनी डोळे मिटले आणि वैद्यांच्या वतीने बोलू लागले.

“भोग आहे, असं मी म्हणालो. ते खरं वाटलं म्हणून नाही, घोंगडी सोडवेना म्हणून. आता ते खरं असेल, तर मी सुटलो. आणि असं सुटायची मला लाज वाटते. खोटं असेल, तर त्या पोराचा जीव माझ्या आळसाने गेला. मात्रा उगाळायला बसलो की माझेच शब्द कानात येतात. मी आता कुणाची नाडी कुठल्या तोंडाने धरू?”

वैद्यांनी मान वर केली.

“हो,” ते म्हणाले. “हेच.”

आता दाजींनी उठायचं, आपल्या पाटावर जायचं आणि खंडन करायचं. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

दाजी उठले नाहीत.

उन्हाची तिरीप दाराशी होती, ती खांबापर्यंत सरकली. विश्वंभरला राहवेना. “दाजी... तुमचा पाट रिकामा आहे.”

“असू दे. तिथे जाऊन बोलावं असं माझ्यापाशी काही नाही.”

सगळ्या शिष्यांच्या देखत ते हे बोलले. आवाज साधा होता, पाणी द्या म्हणावं तितका. विश्वंभरचा ऊर भरून आला. एवढ्या वादांत जिंकलेले दाजी त्याला कधी इतके मोठे वाटले नव्हते.

“तुमच्यापाशीही उत्तर नाही?” वैद्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग मी काय करू?”

“गावात आज कुणी आजारी आहे?”

“पाटलांची सून. ओली बाळंतीण आहे. तापाने फणफणली आहे.”

“मग प्रश्न बरोबर घेऊनच तिच्याकडे जा. मीही तो इथे घेऊन बसतो. कुणाला आधी सुटला, तर त्याने दुसऱ्याला कळवायचं.”

वैद्यांनी दाजींचे पाय धरले, बटवा छातीशी घेतला, सहाण खांद्यावर टाकली. डोहाची वाट डावीकडे सोडून ते नदीच्या उताराच्या दिशेने झपझप निघाले, ताप वाढायच्या आत पोचायचं असल्यासारखे.

शिष्य एकेक करून पांगले. विश्वंभर मात्र बसून राहिला. पश्चात्ताप खराच झाला होता. पण खोडही जुनी होती.

“दाजी, एक विचारू? मी दिलेलं उत्तर... शास्त्राला धरून होतं ना?”

“तंतोतंत.”

“त्यात चूक काही नव्हती?”

“काहीही नव्हती.”

“मग?”

दाजींनी अडकित्ता उचलला आणि भिंतीशी शिष्य बसले होते तिकडे नजर टाकली.

“उत्तर बरोबरच होतं, बाळा. ते तू कुणाला दिलंस, तेवढं सांग.”