एकाचं नाव, दुसऱ्याचं गाव

एकदा एका शहरात एक शिष्य होता. शिष्य म्हटल्यावर लगेच झाडाखाली मांडी घालून बसलेला कुणी डोळ्यांसमोर आणू नका हं! हा जीन्स घालायचा, चहावर चहा ढोसायचा आणि दिवसभर लॅपटॉपशी भांडायचा. नाव ओजस. आणि त्याच्या गुरू म्हणजे कॉलेजात त्याला प्रोग्रॅमिंग शिकवलेल्या एक म्हाताऱ्या बाई. आता रिटायर झालेल्या, कानाला यंत्र, पण नजर अशी की तुमची चूक तुमच्याआधी त्यांना दिसायची.

त्या वर्षी नदीनं काठची गावंच्या गावं धुऊन नेली. वाचलेली माणसं कुठं शाळेत, कुठं मंगल कार्यालयात, कुठं साखर कारखान्याच्या गोदामात. प्रत्येक छावणीतली पोरं आलेल्या माणसाचं नाव, वय आणि गाव फोनवर टाईप करून पाठवायची, आणि शहरातल्या एका सभागृहात ते सगळे मेसेज एकाखाली एक जमा व्हायचे. तिथं नातेवाईकांची रांग. 'आमचा माणूस यात आहे का?' एवढंच विचारायला आलेली.

ते शोधून द्यायचं काम ओजसनं अंगावर घेतलं. पायथन नावाच्या संगणकाच्या भाषेत अशा वेळी नमुना लिहितात. म्हणजे संगणकाला सांगायचं, आधी हे नाव, मग स्वल्पविराम, मग वय, मग हे गाव. हे याच क्रमानं जिथं दिसेल ते मला दाखव. ओजसनं झकास घट्ट नमुना लिहिला, आणि कुणीसुद्धा सापडेना! कारण छावणीतल्या पोरांना कुठली आलीय शिस्त? एकानं स्वल्पविराम टाकलाय, दुसऱ्यानं रेघ, तिसऱ्यानं प्रत्येक गोष्ट नव्या ओळीवर.

"नाही दिसत हो," ओजस म्हणायचा.

"नीट बघ की रे राजा," समोरचा माणूस म्हणायचा, आणि त्याचा चेहरा असा काही पडायचा की ओजस नजर फिरवायचा. मग तो नमुना जरा सैल करायचा. स्वल्पविराम नसला तरी चालेल. मधे रेघ आली तरी चालेल. करता करता एका सकाळी त्यानं लिहून टाकलं, की आधी नाव, मग मधे काहीही, कितीही, ओळी ओलांडून गेलं तरी चालेल, आणि मग गाव.

आणि काय सांगू! सगळे सापडायला लागले. रांगेतल्या प्रत्येकाला छावणीचं नाव मिळायला लागलं. लोक ओजसच्या डोक्यावरून हात फिरवायला लागले, कुणीतरी पेढेसुद्धा वाटले.

त्यात एक अनसूयाकाकू होत्या. मुलगा दिगंबर, गाव खैरवाडी. ओजसच्या पडद्यावर आलं, सापडला, मंगल कार्यालय. काकू पोराचे कोरडे कपडे घेऊन मिळेल त्या गाडीनं गेल्या. परत आल्या त्या एकट्या.

"अरे बाळा, तिथं दिगंबर आहे. पण तो म्हातारा आहे, बोरगावचा."

ओजसनं पुन्हा शोधलं. दुसरी छावणी आली, कारखान्याचं गोदाम. काकू तिथंही गेल्या, चिखल तुडवत. पुन्हा तेच. या वेळी आल्या तेव्हा रडल्यासुद्धा नाहीत. भिंतीशी टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "तिसरी सांग. मी जाते."

आता मात्र ओजस घाईघाईनं लॅपटॉपकडे वळला. त्यानं नमुन्यात कंस घातले, काढले, पुन्हा घातले. काहीही केलं तरी संगणक 'सापडला' असंच सांगायचा. शेवटी त्यानं बाईंना फोन करून सगळं सांगितलं, नमुनाही वाचून दाखवला. बाई रिक्षानं आल्या, लॅपटॉपकडे बघितलंही नाही, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्यासाठी एक नाव शोध. यशवंत, गाव बोरगाव."

"बाई, तुमचंपण कुणी अडकलंय? आधी बोलायचं नाही का!" त्यानं धडाधड नाव टाकलं. "सापडले! शाळेतल्या छावणीत आहेत. बघा, काळजी मिटली!"

बाईंनी आत्ता कुठं पडद्याकडे बघितलं.

"ते माझे यजमान," त्या म्हणाल्या. "बोरगावचेच. वारले, तेव्हा तू शाळेतसुद्धा जात नव्हतास."

ओजसनं पडद्यावरच्या ओळीवर बोट ठेवलं. "पण मग हे कोण?"

"कुणीच नाही. वर कुठंतरी एक यशवंत आहे. खूप खाली कुठंतरी कुणाचं तरी बोरगाव आहे. मधली सगळी माणसं गिळून तुझ्या नमुन्यानं दोन टोकं जोडली आणि एक माणूस तयार केला. ओजस, तू नमुना दुरुस्त करत होतास असं तुला वाटतं. समोरच्याचा चेहरा तुला बघवत नव्हता, म्हणून तू त्याला सैल करत गेलास. आता त्याला नाही म्हणताच येत नाही. मग त्याच्या 'हो'ला काय अर्थ उरला? जो सापडायला हवा, त्याचं नाव टाकून सगळेच तपासतात. जो सापडताच कामा नये, त्याचंही टाकून बघायचं असतं रे."

ओजस मान खाली घालून कामाला लागला. प्रत्येक माणसाचं वय एकदाच, नाव आणि गाव यांच्या मधे लिहिलेलं होतं. त्यानं नवा नियम घातला, की नाव आणि गाव यांच्यामध्ये एकच आकडा यायला हवा. दुसरा आला की माणूस बदलला, तिथं थांब. बाईंच्या यजमानांचं नाव टाकलं. नाही सापडलं. गोदामातल्या एका आजीबाई, ज्यांच्याशी सकाळीच फोनवर बोलणं झालं होतं, त्यांचं टाकलं. बरोबर सापडल्या.

मग त्यानं दिगंबर, खैरवाडी टाकलं. पडदा कोरा. क्षणभर त्याचा हात नमुना सैल करायला पुढं गेला, खोटं कशाला सांगू! त्यानं बाईंकडे बघितलं. मग हात मागे घेतला.

तो उठून काकूंपाशी गेला आणि जमिनीवर बसला.

"काकू, दिगंबर कुठल्याच छावणीच्या मेसेजात नाही. आधीही नव्हता. दोन्ही वेळा चुकीचं मी सांगितलं."

काकूंनी त्याच्याकडे बघितलं. चिडल्या नाहीत, हेच वाईट.

"पहिल्या दिवशीच सांगायचंस ना रे," त्या म्हणाल्या. "तो घाटाखालच्या दवाखान्यात कुणाची तरी वाट बघत असला, तर? मी गोदामं हिंडत बसले."

"मी येतो बरोबर. आत्ता निघू."

"नको. तुझ्यापुढं रांग आहे." त्या भिंतीला धरून उठल्या. "त्यांना तरी खरं सांग."

त्या गेल्या. दिगंबरचं पुढं काय झालं ते ओजसला कधीच कळलं नाही. तो जागेवर येऊन बसला. रांगेतला पुढचा माणूस टेबलावर वाकून भावाचं नाव सांगत होता. ओजसनं ते टाकलं, निकाल वाचला आणि मान वर केली.

"नाही सापडले."

"नक्की?"

"नक्की. इथं थांबू नका. दवाखाने बघा, पोलिसांकडे जा."

माणसाचा चेहरा पडला. ओजसनं तो पूर्ण बघितला. माणूस वळला आणि जवळजवळ पळतच जिना उतरला.

कुणाचं मन राखायला आपण जो होकार देतो, त्याचे हेलपाटे त्याच माणसाला घालावे लागतात.